उभा करकोचा बघायचा नाही

आमच्या गावात त्रेंदाफिला मावशीइतकं हट्टी एकच होतं, तिचं गाढव. तेही गेल्या हिवाळ्यात मेलं. तेव्हापासून तो मान एकट्या मावशीचा.

तिचा जन्म गुलाबाच्या खोऱ्यातला. पहाटेच्या दवात फुलं खुडून खुडून बोटांना काट्यांची सवय झालेली. खोऱ्याबाहेरचं जग तिने फारसं पाहिलं नव्हतं. पण लेक मिलेना स्पेनला, तिला मुलगा झाला, आणि मावशीने ठरवलं: या उन्हाळ्यात नातू मांडीवर घ्यायचाच.

तिच्या नवऱ्याला, रांगेल काकांना, हे मानवेना. "मला बनित्सा कोण भाजून घालणार?" ते म्हणायचे. तोंडी त्या चीज भरलेल्या खुसखुशीत पोळीचं नाव असायचं, पण एकटं राहण्याचं भय मिशीत थरथरायचं.

आमच्याकडे मार्च लागला की मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतात. पहिला करकोचा दिसला की तो दोरा सोडून फुललेल्या झाडाला बांधायचा. करकोचा उडताना दिसला तर वर्षभर प्रवास. उभा दिसला तर वर्ष उंबऱ्याच्या आत. मावशीसाठी ही काळ्या दगडावरची रेघ.

मार्च सरता सरता आम्ही नात्यातल्या एका बाळाच्या बाप्तिस्म्याला निघालो. गाडी माझी, सोबत मावशी, काका आणि माझी बायको इस्क्रा. अर्ध्या वाटेत काकांना अचानक प्राण्यांचा कळवळा आला.

"किरिल, थांबव रे. इथं वन्यप्राण्यांचं उद्यान आहे. तुझ्या मावशीला अस्वलं दाखवू."

ज्या माणसाने बायकोला जत्रेतला पाळणा दाखवला नाही, तो अस्वल दाखवणार! मला डावाचा वास आला. पण मावशी गाडीतून उतरलीसुद्धा.

हरणं झाली, रानमांजर झालं. मग काका आम्हाला घाईघाईने तळ्याकडे नेऊ लागले. इस्क्राने वळणावरची पाटी मोठ्याने वाचली: "पंख मोडलेले करकोचे."

मावशी जागच्या जागी थांबली आणि डोळे गच्च मिटले.

"मेल्या रांगेल, हे तुझं अस्वल?"

"पुढे आहे गं. डोळे उघडलेस की दिसेल."

"इस्क्रा, माझा हात धर. आता मी बाहेर पडेपर्यंत आंधळी."

समोरून येणारी एक बाई हळहळली, "अरेरे, आजींना दिसत नाही वाटतं?"

"दिसतं हो," मावशी म्हणाली. "दिसू नये म्हणून तर चाललंय."

काका कुंपणाला रेलले. "बघ तरी! काय डौल! एका पायावर उभा आहे, चोच लालभडक!"

"नीट पाहिलास?" मावशीने मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"डोळे भरून!"

"यंदाचा पहिलाच ना तुझा?"

काकांनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. दोरा तिथेच होता. त्यांचा चेहरा ताकासारखा पांढरा पडला.

"बस आता वर्षभर घरात," मावशी म्हणाली. "आणि मी वेडी, तुलाही नेणार होते स्पेनला. मिलेनाने दोघांना बोलावलंय."

"मला? मला कुणी सांगितलं?"

"तू कधी विचारलंस? तुझं आपलं बनित्सा, बनित्सा."

काका कुंपण सोडून धावत आले. "अगं, हा मोजणीत धरायचाच नसतो! पहिला करकोचा म्हणजे दूरदेशाहून आलेला पाहुणा. हा इथला कायमचा भाडेकरू. याला पाहिलं काय, कोंबडीला पाहिलं काय!"

"आईची शपथ?"

"शपथ!"

मावशीने सावकाश डोळे उघडले. कुंपणाशी जाऊन करकोच्याला पोटभर न्याहाळलं. "चांगला आहे बिचारा," ती म्हणाली. "उगाच याच्या नावाने पाप करत होतास."

गाडीत बसल्यावर मात्र काकांचा आपल्याच शपथेवरचा विश्वास ढळू लागला. पुढच्या गावांत धुराड्या-धुराड्यावर करकोच्यांची घरटी. काका डोळे मिटून कुजबुजले, "किरिल, उडणारा दिसला तरच सांग हं." त्यांचं पाहून मावशीनेही मिटले. मागच्या सीटवर हातात हात घालून दोघं आंधळी, आणि मी दोघांचा डोळा.

नदीच्या पुलापलीकडे, नांगरलेल्या काळ्या रानावरून, एक करकोचा उन्हात पंख पसरून आला.

"उघडा!"

दोघं एकदमच खिडकीला भिडली. करकोचा गाडीवरून मावळतीकडे गेला.

"आधी मी पाहिला," काका म्हणाले. "विमानात खिडकी माझी."