न पाहिलेली पानं

पुढच्या खोलीत ती पुस्तकं बांधायची, मागच्या खोलीत तिचे सासरे राहायचे. गल्लीत तिला सगळे बाइंडरीणबाई म्हणत. नवरा सकाळी कामावर गेला की संध्याकाळीच उगवायचा. दुपारी शिवलेल्या पुस्तकांना खळ लावून ती दाबाखाली ठेवली, की वाळेपर्यंत हात रिकामे. कागदाच्या धुळीतून ऊन तिरपं आत उतरायचं, डोळे पेंगायला लागायचे. मग सासरे पत्ते काढायचे.

सासरे जन्मभर बोटीवर सुतार होते. तिथे शिकलेला पोकर त्यांनी सुनेला शिकवला. डाव दोघांचाच. प्रत्येकाला दोन झाकली पानं, मधे पाच उघडी, दोघांच्या सामाईक. पैजेला शर्टाची बटणं. चाल ठरलेली, आधी एक बटण, शेवटी दोन. चढवायची तीही तेवढ्यानेच.

"म्हणून इथे दांडगाई चालत नाही," ते म्हणायचे. "समोरच्याची खोड ओळखायची, बस्स."

तिची खोड त्यांनी आठवड्यात ओळखली. पानं चांगली आली तरच ती चाल चढवायची, आणि तिने चढवली की ते हसत हसत पानं टाकायचे.

"सूनबाई, हलक्या पानांवर तू थाप म्हणून मारत नाहीस. मग तुझं खरंही वाया जातं."

"आणि सारख्याच मारल्या तर?"

"तर मी दर वेळी उघडून बघीन. मिठासारखं आहे गं ते."

ती हळूहळू शिकली. शेवटच्या दर पाच-सहा चालींमागे एखादी थाप, एवढं मीठ तिच्या हाताला बसलं. पण सासऱ्यांचा थांग मात्र लागेना. टेबलावर काय पडलं ते तिला मोठ्याने वाचायला लावायचे, खिडकीकडे तोंड करून ऐकायचे आणि चाल चढवायचे. मागे काही नियमच दिसायचा नाही. समुद्रासारखा माणूस, तिला वाटायचं. घाबरून ती पानं टाकायची.

एका दुपारी खळ ढवळता ढवळता तिच्या डोक्यात आलं, की ढीग आठ बटणांचा आणि शेवटची चाल दोनाची, म्हणजे थाप दहातून दोनदा खपली तरी भागतं. मी दहातून तीन-चारदा पळ काढला, तर यांची कुठलीही थाप फायद्याचीच. ठरवलं, आता किरकोळ जोडी असली तरी शेवटपर्यंत बघत जायचं.

बटणं तिच्याकडे वाहू लागली. उघडून पाहावं तर सासऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा फुटकळ पानं. पानं दिसताच ती हसायची, तेही हसायचे, "पकडलंस!"

मग तो डाव आला. त्यांनी चढवली, तिने पुन्हा चढवली, त्यांनी आणखी. तिच्याकडे दश्शांची जोडी. तिने शेवटची दोन बटणं सरकवून म्हटलं, "दाखवा."

"थाप होती," त्यांनी बटणं तिच्याकडे ढकलली. "घे."

तिने सहज त्यांची पानं उलटली. दोन राण्या, तिसरी टेबलावर होतीच. कुणी जिंकलेला डाव असा देऊन टाकत नाही.

"बाबा, तुमच्याकडे राण्या होत्या."

त्यांची नजर खिडकीकडेच होती. हात तेवढे बटणं चाचपत राहिले.

"कधीपासून दिसत नाही?" तिने विचारलं.

"धूसर दिसतं गं. धुक्यात बोट चालवावी तसं. पानं मात्र... गेला उन्हाळा संपल्यापासून नाही."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर खेळली असतीस? हाताला धरून खाटेवर बसवलं असतंस."

तिला रागही आला आणि रडूही. महिनोन्महिने ती ज्याच्या चालींना डावपेच समजून पळत होती, तो नुसता एक म्हातारा होता, आपली पानंही न दिसणारा.

"उद्या दवाखान्यात," ती म्हणाली. "यावर चाल चढवायची नाही."

डॉक्टरांनी एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दुसऱ्याला उशीर झाला होता. पट्टी सुटली त्या दुपारी ते पुढच्या खोलीत येऊन बसले. तिच्याकडे बघत म्हणाले, "अगं, तुझे केस पिकले की!"

"कधीचेच. तुमच्याच घरात."

ते हसले. मग दाबाखालून निघालेलं एक पुस्तक उचलून उन्हात धरलं, पाठीवरची सोनेरी अक्षरं एकेक करून मोठ्याने वाचली. नंतर दुसरं, मग तिसरं. ती खळ लावत ऐकत राहिली. पत्त्यांची आठवण त्या दिवशी दोघांनाही झाली नाही.