प्रयागबाईंच्या ओळखीची फियाट

काटेवाडीत आमच्या शेजारी राहणारे मानसिंग मिस्त्री म्हणजे दिव्याखाली अंधार. बारामतीत चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, नुसत्या आवाजावरून लोकांच्या गाड्यांचं दुखणं ओळखलं, आणि स्वतःची जुनी फियाट मात्र सदा खोकत राहिली. तीन ठोके नीट, चौथ्याला गचका. मी चेष्टा केली की म्हणायचे, "आसू द्या खोकत. माझी हाय, मला सोडून न्हाय जायची."

त्यांच्या बायकोला, प्रयागबाईंना, तीन वर्षांपूर्वी विसर पडायला लागला. आधी मिठाचा डबा, मग नातवंडांची नावं, आणि गेल्या दिवाळीपासून समोर बसलेला नवरा. "हे पाव्हणं कवाधरनं बसल्यात गं?" असं त्या सुनेला, मोनाला, हळूच विचारायच्या. मिस्त्री ते हसण्यावारी न्यायचे. दुसरं करणार काय माणूस?

पण एक गोष्ट विसरल्या नव्हत्या. संध्याकाळी फियाट खोकत गल्लीत शिरली की त्या पदर सावरून उठायच्या, "मिस्त्री आलं," म्हणायच्या आणि चहाचं आधण ठेवायच्या. मग हातपाय धुऊन चहा पिऊन होईपर्यंत मिस्त्री त्यांचे नवरे असायचे. कप खाली ठेवला की पुन्हा पाहुणे. तेवढ्या एका चहासाठी हा चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, गॅरेज मुलाकडे देऊन झाल्यावरही, रोज संध्याकाळी कन्हेरीपर्यंत उगाच चक्कर मारायचा आणि घरी यायचा.

फेब्रुवारीत गाडी बंद पडली. डिस्ट्रिब्युटर गेला. चारही प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी वाटणारा हा भाग. त्याच्या आतला दांडा झिजून पार खुळखुळा झाला होता. नवा कुठं मिळेना. दहा दिवस गाडी उभी, आणि दहा दिवस प्रयागबाई दाराकडे डोळे लावून बसलेल्या. मला बघवेना. इंदापूरच्या माझ्या ओळखीच्या बापूसाहेबांच्या बंगल्यापुढं तसलीच फियाट नुसती शोभेला उभी होती. मीच मिस्त्रींना तिकडं घेऊन गेलो. हा शहाणपणा माझा, हे आधीच सांगून टाकतो.

बापूसाहेब दिलदार माणूस. "न्या की मिस्त्री," म्हणाले. "फकस्त हितं भोक उघडं ठिवू नगा. तुमचा जुना बसवून जावा, म्हंजी गाडी भरल्याली दिसंल."

तशी अदलाबदल झाली. मिस्त्रींनी घरी येऊन इंजिन हातानं फिरवलं, पहिला पिस्टन वर आणला आणि इंदापूरचा डिस्ट्रिब्युटर बसवला. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली, पण सात-आठ वर्षांच्या अंतराची; त्यामुळं जुन्या खुणेवर तो बसला तरी गाडी फुरफुरत होती. मिस्त्रींनी कान लावून त्याला केसभर फिरवलं, पुन्हा केसभर फिरवलं, आणि गाडी शिलाई मशीनसारखी चालायला लागली. ना खोकला, ना गचका. त्यांचा चेहरा असा खुलला की मी टाळीसाठी हात पुढं केला. मग ते कन्हेरीला जाऊन आले.

प्रयागबाई उठल्या नाहीत. "मोना, बग गं, कुणाची तरी गाडी आली," एवढंच म्हणाल्या. मिस्त्री आत गेले तशी त्यांनी डोक्यावरून पदर घेतला.

"प्रयागे, मी हाय."

"मिस्त्री न्हाईत घरात," त्या म्हणाल्या. "बसा. येत्यालच."

दुसऱ्या दिवशी आम्ही धावत इंदापूर गाठलं. बापूसाहेबांनी कुरकुर न करता जुना डिस्ट्रिब्युटर परत दिला, पण तो बसवून गाडी चालूच होईना. तो संपला होता. मग मिस्त्रींनी इंदापूरचाच पुन्हा बसवला आणि तो बिघडवायला घेतला. टायमिंग मागं ओढलं, पॉइंटमधली फट कमी केली, एका प्लगची वायर सैल सोडली. ज्यानं जन्मभर गाड्यांचा खोकला काढला तो माणूस तीन दिवस गाडीला खोकला लावत होता. गाडी अडखळली, धूर ओकली, पण हे अडखळणं निराळंच. प्रयागबाई जागच्या हलल्या नाहीत.

"त्यो आवाज दांड्याच्या झिजंचा हुता," मिस्त्री म्हणाले. "चाळीस वर्सांची झीज. ती कुठनं आणून बसवू?" आणि बॉनेटवर डोकं टेकून ते रडले. मला माझाच राग आला. अजून येतो.

आता त्यांनी गाडी पुन्हा नीट केली आहे. रोज संध्याकाळी दारात उभं राहून सांगतात, "मला मिस्त्रींनी पाठवलंय. त्यास्नी वाईच उशीर हुईल." प्रयागबाई दोन कप चहा करतात. एक पाहुण्याला देतात, दुसऱ्यावर बशी झाकून ठेवतात.

परवा मी तिथंच होतो. मिस्त्रींचा चहा संपला तशा त्या थोडं पुढं सरकून म्हणाल्या, "पाव्हणं, तुमची गाडी लई गुणाची दिसती. आमच्या मिस्त्रींच्या गाडीकडं बघता का येकदा? सगळ्यांच्या नीट करत्यात आन् सोताची तशीच ऱ्हाती. लई खोकती वं बिचारी."

"बघतो की," मिस्त्री म्हणाले, आणि रिकामा कप तसाच हातात धरून बसून राहिले.