मधला उच्चार

मेलबर्नच्या एका युनिव्हर्सिटीत मी जुनी रेकॉर्डिंग्ज साफ करते. सध्या पापुआ न्यू गिनीतली एक इवलीशी भाषा हाती आहे. ती बोलणारी माणसं आपल्याकडच्या एका लग्नाच्या पंगतीत बसतील. आवाजही मोजकेच. म आणि न तर नाहीतच, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही. आपणच बाराखडी मिरवत बसतो.

टेपवर त्या गावातली एक म्हातारी आहे. ती आता हयात नाही. प्रत्येक शब्द ती तीनदा म्हणते. पहिला उच्चार बिचकत येतो, तिसरा कंटाळून, म्हणून आम्ही मधला ठेवतो. तिचा खोकला, हसणं, मध्येच कोंबड्यांना हाकलणं मी कापून टाकते. मूळ टेपला मात्र हात लावायचा नाही, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात.

आई पुण्यात वारली तेव्हा मी पोचू शकले नाही. इथल्या, टार्निट उपनगरातल्या घरात लॅपटॉपवर सगळं पाहिलं. रडू आलं नाही. दोन दिवसांनी ट्रेनने कामावर गेले. त्याच आठवड्यात फोन बदलायचा होता, म्हणून आईचे व्हॉइस मेसेज कॉम्प्युटरवर घेतले आणि सवयीने साफ केले. कुकरच्या शिट्ट्या, जिना चढून आल्यावरची धाप, तेच तेच पुन्हा विचारणं, सगळं काढलं. मूळचे पुसून टाकले. हात नीट चालत होते, एवढंच आठवतं.

परवा त्या म्हातारीच्या नातीची मेल आली. शब्द नकोत, आजी कोंबड्यांवर ओरडते तेवढं पाठवा.

"नो वरीज," माझी बॉस म्हणाली, "मूळ टेप आहे ना."

पाच मिनिटांत पाठवलं. आणि लक्षात आलं म्हणून आईचे मेसेजही ताईला पुण्याला पाठवून दिले. संध्याकाळी तिचा फोन आला.

"एकदम क्लिअर आहेत गं," ताई म्हणाली. "पण ती धापा टाकत बोलायची, ते कुठंय? मला तेच ऐकायचं होतं. मूळचे पाठव ना."

"मूळचे मी पुसलेत, ताई."

तिने फोन ठेवला. मी एक मेसेज लावला. आई कधीही विचारायची तर तीनदा विचारायची.

"जेवलीस का?" आईने एकदाच विचारलं. मी मधलं ठेवलं होतं.