तीन मागं

आमच्या खटावाकडं माणूस अंदाजानं बोलतो. पाऊस किती झाला तर बोटभर. गाव किती लांब तर बिडी ओढून होईस्तवर. शिवराम फडतरे त्याच मुलखातला, पण त्याला असलं बोलणं खपायचं नाही. ठाकुर्लीच्या चाळीत शेजारीण म्हणाली, "भावजी, पोरीचं अंग जरा कोमट लागतंय," तर हा विचारायचा, "जरा म्हंजे किती?" बायको मंजुळा म्हणायची, "ह्यांच्यापुढं आमटीत चवीपुरतं मीठ टाकायची चोरी. चव किती ग्रॅम, म्हणून इचारतील."

डोंबिवलीच्या एमआयडीसीत एक तीन खोल्यांची लॅब आहे. तिथं शिवरामनं बावीस वर्षं काढली. एसीची, कोल्डरूमची कामं करणारे मेकॅनिक वर्षातून एकदा आपली यंत्रं तिथं आणून देतात. गॅसचा दाब बघायचे गेज, करंट बघायचा टाँग टेस्टर, गारवा मोजायची कांडी. ही यंत्रं वापरून वापरून हळूहळू खोटं बोलायला लागतात. किती खोटं बोलतात ते काढायचं, सरळ करायचं, तारखेची पट्टी चिकटवायची आणि कागद द्यायचा, हे शिवरामचं काम.

कांडीसाठी तो बर्फ करायचा. डिस्टिल्ड पाण्याचा बर्फ हातोडीनं ठेचायचा, थर्मासात दाबून भरायचा, वर तसलंच गार पाणी सोडायचं आणि अर्धा तास दम धरायचा. तिथं शून्यच असतं, दुसरं काही असूच शकत नाही. त्यात गिऱ्हाइकाची कांडी खुपसायची आणि शेजारी लॅबचा मास्टर. मास्टर म्हणजे त्याहून मोठ्या लॅबनं तपासून दिलेला थर्मामीटर. शिवराम त्याला मास्तरच म्हणायचा. कुणी वाद घातला तर म्हणायचा, "मास्तर खोटं सांगत न्हाईत. तुझं कार्टंच उनाड हाय."

कागदावर दोन रकाने असतात. इंग्रजीत काहीबाही लिहिलेलं असतं, पण शिवराम त्यांना 'आलं तसं' आणि 'गेलं तसं' म्हणायचा. यंत्र आलं तेव्हा किती चुकत होतं ते पहिल्यात. सरळ करून दिल्यावर किती, ते दुसऱ्यात. मेकॅनिकांना वाटतं दुसरा रकाना महत्त्वाचा. तसं नसतं. पहिला रकाना सांगतो की त्या यंत्रानं आजवर काय काय करून ठेवलंय.

मार्चमध्ये साईनाथ भोईर कांडी घेऊन आला. साईनाथ आंबिवलीचा, चाळिशीचा माणूस, ठाण्याच्या एका कंपनीत कोल्डरूमची कामं करायचा. शिवरामला तात्या म्हणायचा. येताना शेतातल्या वालाच्या शेंगा आणायचा आणि मास्तरला नमस्कार करून जायचा. त्या दिवशी कांडी ठेवून गेला, संध्याकाळी येतो म्हणाला.

शिवरामनं कांडी बर्फात घातली. मास्तर शून्य दाखवत होते. कांडी उणे तीन. त्यानं पाण्यात ढवळलं, पुन्हा बघितलं. उणे तीनच. रफ वहीत पेन्सिलीनं लिहिलं, "उणे तीन". मग बटणं दाबून कांडी सरळ केली. पुन्हा बघितलं, शून्य.

आता पहिल्या रकान्यात उणे तीन लिहायचं. पण तीन डिग्री म्हणजे लई झालं. एवढी चूक कागदावर आली की लॅबला कंपनीला वेगळं पत्र धाडावं लागतं. कंपनी विचारते, ही कांडी कधी पडली, कुणी पाडली, वर्षभरात हिनं कुठं कुठं कामं केली. साईनाथच्या मागं तपास लागला असता. शिवरामच्या मनात आलं, माणूस सरळ आहे, त्याला माहीतही नसेल, उगा का बोलणी खायला लावा. यंत्र तर आपण सरळ केलंय.

त्यानं दोन्ही रकान्यांत शून्य पॉइंट एक लिहिलं. सही केली. पट्टी लावली.

संध्याकाळी साईनाथ आला. "काय म्हणतात मास्तर?"

"पास केलंय."

"काही निघालं नाय?"

"काय निघायचंय? जा घिऊन."

साईनाथनं कागद बघितला, शिवरामकडं बघितलं, जरासा हसला आणि गेला. त्या हसण्याचा अर्थ शिवरामला महिन्याभरानं लागला.

एप्रिलच्या शेवटी तीच कांडी कंपनीनं परत धाडली. सोबत पत्र होतं. शहाडच्या एका औषधांच्या गोडाऊनमध्ये साईनाथनं कोल्डरूम लावून दिली होती. दारावरच्या पॅनेलवर चार डिग्री दिसत होतं, पण आत एकच डिग्री होतं, आणि पंख्याजवळच्या कपाटांत शून्याच्याही खाली. इन्सुलिन गोठलं. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही. दुकानांत गेलेले डबे परत बोलवावे लागले. कांडी बरोबर आहे का तेवढं सांगा, असं कंपनीनं लिहिलं होतं.

शिवरामनं बर्फ ठेचला. कांडी घातली. शून्य. चारवर बघितलं, आठवर बघितलं. चोख. त्यानं तसं लिहिलं आणि सही केली. यंत्र बरोबर म्हणजे माणूस चूक. पत्र दुपारी गेलं.

तिसऱ्या दिवशी साईनाथ लॅबच्या बाहेर चहाच्या टपरीवर बसलेला दिसला. आत आला नव्हता. शेंगाही नव्हत्या.

"घरी बसवलंय मला," तो म्हणाला. "पुढच्या सोमवारी सांगणार, ठेवतात का काढतात. तात्या, एक विचारू? खरं सांगशील?"

"इचार की."

"दिवाळीत माझ्या हातनं कांडी पडलेली, जिन्यावरून. तेव्हापासून ती तीन मागं चालायची. मी कुणाला बोललो नाय, पैसे कापले असते. पण मी धरून चाललेलो. एक दाखवला की मी चार समजायचो. खोलीचं पॅनेल चार दाखवील असं लावायचो. पाच महिने तसंच केलं, एक तक्रार नाय. मार्चात तुझ्याकडं दिली, म्हटलं आता पकडणार. तू म्हणालास काही निघालं नाय. मला वाटलं, घ्या, हे पण नुसता शिक्का मारतात. म्हणून शहाडला पण तीन मिळवले."

शिवरामच्या हातात चहाचा ग्लास होता. तो तसाच राहिला.

"आता कंपनीवाले बोलतात कांडी आधीपण बरोबर आणि नंतरपण बरोबर. तुझाच कागद दाखवतात. मग ते तीन आले कुठून? मी दोन रात्री हाच विचार करतोय. का ती कधी मागं नव्हतीच, आणि मीच येड्यासारखा मिळवत बसलो? तसं असलं तर पाच महिन्यांत मी कुठं कुठं काय लावून आलो, तात्या? एका ठिकाणी रक्ताच्या पिशव्या आहेत. मी कालपासून एकेकाकडं फिरतोय, बघू द्या म्हणून. दोघांनी दारातनंच हाकललं."

इथं शिवरामनं बोलायला पाहिजे होतं. तो म्हणाला, "बघू. काय तरी असंल." आणि चहा टाकून आत गेला.

आता कुणी म्हणेल, साईनाथचीही चूक होतीच. होती. कांडी पाडून गप्प बसला, मनातल्या मनात बेरजा करत राहिला. शिवरामनंही स्वतःला हे सांगून बघितलं, पुष्कळ वेळा. पण साईनाथचे तीन खरे होते. ते खोटे पाडले शिवरामनं, आणि तेही दयेपोटी, हे त्याला जास्त झोंबत होतं. पैसे खाऊन केलं असतं तर निदान त्याला नाव तरी देता आलं असतं.

सहा दिवस तो गप्प राहिला. जेवण जाईना. लॅबमध्ये एकच गेज तीन-तीनदा तपासायला लागला. रफ वही उघडायचा, 'उणे तीन' बघायचा, मिटायचा. एकदा तर खोडरबर हातात घेतलं आणि परत ठेवलं. खोडलं नाही एवढंच त्याच्या बाजूनं सांगण्यासारखं.

सातव्या दिवशी सकाळी मंजुळा भाकरी थापताना म्हणाली, "आठवडाभर बघतीय. कुणाचं काय बुडवलंय का?"

त्यानं साईनाथचं सगळं सांगितलं. ती थापत राहिली. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, मग म्हणाली, "म्हंजे त्याला तुमी येडा ठरवलाय."

"तसं न्हाई गं. मला वाटलं त्याला बोलणी बसतील."

"बोलणी बसली असती तर चार दिसांनी इसरला असता. आता तो सोताच्या डोक्यावर इस्वास ठेवंना. सोमवार कधी हाय?"

"परवा."

"मग हितं काय करताय?"

लॅबची मालकीण रचना मॅडम. वडलांची लॅब ती चालवते, बोलायला मऊ, कामाला कडक. शिवरामनं वही तिच्या टेबलावर ठेवली, पेन्सिलीचा आकडा दाखवला, शेजारी कागदाची नक्कल. रचनानं दोन्ही वाचलं.

"शिवरामभाऊ, बाहेरचे तपासनीस आले तर मी तुमचं नाव पुढं करते. सांगते, यांचं काम बघा."

"व्हय."

"आज मी कंपनीला पत्र पाठवते. आधीचं सर्टिफिकेट रद्द, कांडी आली तेव्हा उणे तीन होती, वहीच्या पानाची नक्कल सोबत. ते साईनाथला ठेवतील की नाही ते मी सांगू शकत नाही. पण तो खोटं बोलत नव्हता एवढं तरी कळेल त्यांना. आणि तुम्ही आजपासून सही करायची नाही."

"बरं."

"साईनाथला मी कळवू?"

"नगं. म्या जातो."

आंबिवलीला साईनाथचं घर स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं. शिवराम पोचला तेव्हा तो ओट्यावर बसून पंख्याची मोटर खोलत होता. शेजाऱ्याची असावी. बस म्हणाला नाही, पण पाट पुढं सरकवला.

शिवराम उभाच राहिला. म्हणाला, "तुझे तीन बरोबर हुते. कांडी उणे तीन आली हुती. म्या सरळ केली आन् कागदावर लिवलं न्हाई."

साईनाथच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला.

"टपरीवर विचारलं तेव्हा तुला माहीत होतं?"

"व्हय."

"आणि तू बघू बोललास."

"व्हय."

"का लिहिलं नाय?"

"तुला तरास हुईल म्हणून."

"मला कुणी सांगितलेलं, मला त्रास नको म्हणून? काल मी बायकोला विचारलं, भिंतीवरचं घड्याळ किती दाखवतंय. मला दिसत होतं, तरी विचारलं. कळतंय का तुला?"

शिवरामनं मान खाली घातली. कंपनीला पत्र जातंय, सही काढून घेतलीय, हे सांगितलं. साईनाथनं ऐकलं. मोटरीचा एक स्क्रू काढून वाटीत टाकला. मग एकदम वर बघितलं.

"अजून कुणाचं केलंस असं?"

शिवराम वाटीतल्या स्क्रूकडं बघायला लागला.

"तात्या, अजून कुणाकुणाचं?"

"चौघा-पाचजणांचं," शिवराम म्हणाला. हे तो मंजुळाला बोलला नव्हता, रचना मॅडमला नाही, आणि खरं तर इथं उभा राहीपर्यंत स्वतःलाही नाही. "गरीब मान्सं. वरीसभरातली. ठाकुर्लीचा सलिल, त्याचा गेज. तो कल्याणचा एसीवाला, काय त्याचं नाव. विकी, त्याची कांडी."

"विकी?" साईनाथ उठला. मोटर ओट्यावरून घरंगळली, तिकडं त्यानं बघितलं नाही. "त्याची कांडी दोन पुढं चालते. मला बोललाय तो. दोन वजा करून लावतो. त्याची पण सरळ केलीस?"

"फेब्रुवारीत."

साईनाथनं खिशातनं फोन काढला आणि लावला. उभ्या उभ्या म्हणाला, "विकी, कुठायस? बरं. पॅनेलला हात लावू नकोस. नाय, आत्ता काही विचारू नकोस, नुसता थांब. माझ्यासमोर लॅबवाला तात्या आहे, तो काय सांगतो ते ऐक. मग फेब्रुवारीपासून कुठं कुठं लावलंस ते लिहून काढ."

त्यानं फोन शिवरामच्या हातात दिला आणि पाटावर बसून त्याच्या तोंडाकडं बघत राहिला.

"विकी," शिवराम म्हणाला, "म्या शिवराम फडतरे बोलतोय. तुझी कांडी आली तवा दोन पुढं हुती. म्या तुला सांगितलं न्हाई."