ईश्वरीचं रुखवत आणि आप्पांचं वायफाय

केजच्या बाजारात शिवशरणआप्पांचं भांड्यांचं दुकान विचारावं लागत नाही, आप्पांचा आवाजच चौकापर्यंत येतो. कुठलीही वस्तू पारखायची त्यांची रीत एकच. बोटानं टिचकी मारायची, कान लावायचा आणि निकाल देऊन मोकळं व्हायचं. मग तो हंडा असो, कलिंगड असो, नाहीतर पुतणीला बघायला आलेला पोरगा. त्या पोराला टिचकी कुठं मारली ते विचारू नका, सोयरीक मोडली एवढं खरं.

अशा माणसावर वायफाय पारखायची वेळ आली, ती सुनेपायी. रोहिणी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायची. घर म्हणजे खोल्यांची आगगाडी: पुढं दुकान, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर आणि शेवटच्या डब्यात रोहिणी. वायफाय दुकानात. तिथं गिऱ्हाईकं भांडी सोडून क्रिकेट बघत बसायची आणि मागं रोहिणीच्या मिटिंगमध्ये साहेब तोंड उघडं टाकून तसेच थिजायचे. शेवटी साहेब वैतागले. सोमवारच्या मोठ्या मिटिंगमध्ये नेट गेलं तर पुण्यात येऊन ऑफिसात बसा म्हणाले.

झालं! रोहिणी गेली की सात वर्षांची नात ईश्वरी जाणार आणि त्या दोघींमागं आज ना उद्या रोहिणीचा नवरा अमरनाथही जाणार. आप्पांनी ताट बाजूला सारलं. पोरगा गेला तर एक वेळ चाललं असतं, पण ईश्वरी? शाळेतून आली की ती गल्ल्याशेजारी बसून आजोबांबरोबर भांड्यांना टिचक्या मारायची. तिला खोटं पितळ आत्ताच ओळखू यायला लागलं होतं. तिच्याशिवाय दुकान आप्पांना नकोच होतं. पण हे बोलून दाखवतील तर ते आप्पा कसले!

"पुण्याला कावून जायचं?" ते गरजले. "नेटच पायजे ना? आनू की!"

बीडच्या दुकानदारानं त्यांना समजावलं, "आप्पा, तुमच्या लांबट घराला मेश लागतंय. हे तीन डबे. पहिला दुसऱ्याला नेट देतो, दुसरा तिसऱ्याला. घरभर पोचतं."

आप्पांनी टिचकी मारली. बद्द वाजलं.

"ह्ये तर प्लास्टिक हाय बे! पितळंत न्हाई का?"

"नाही."

"निदान इस्टीलमदी?"

दुकानदारानं कपाळाला हात लावला. आप्पांनी तिथं काही घेतलं नाही. स्थळ बघायचं तर आधी चौकशी नको? केजमध्ये सोमेश्वर किराणावाल्याच्या घरी तसलेच डबे होते. आप्पा टोपी घालून गेले, चहा प्याले, मग हळूच विषयाला हात घातला. तापट हाय का? रुसतंय का मधीच? लाईट गेल्यावर तमाशा करतंय का?

सोमेश्वरची बायको म्हणाली, "न्हाई हो आप्पा. कोपऱ्यात गुमान बसतंय. आमच्या घरात तेवढं एकच गुणाचं हाय."

"मग खानदान चांगलं हाय," आप्पा म्हणाले, आणि अमरनाथला डबे आणायला पाठवलं.

आप्पांच्या बायकोनं, शांतादेवींनी, तिन्ही डब्यांना विभूती लावली. आप्पांचं तेवढ्यानं कुठलं भागतंय? बिननावाची वस्तू चोरीची, असं भांडीवाल्याचं मत. रोहिणी "आप्पा, नको!" म्हणत धावत येईपर्यंत त्यांची नाव घालायची मशीन घुर्र करून थांबली पण होती. प्रत्येक डब्यावर 'चि. ईश्वरी हिस आजोबांकडून सप्रेम भेट'. तिसऱ्यावर जागा संपली म्हणून 'भेट' बुडाला गेली. नशीब, आतलं काही तुटलं नाही.

एक डबा दुकानात, एक मधल्या खोलीत, एक मागं. आणि मागं नेटचा पत्ता नाही! मधला डबा खाटेखाली ठेवून बघितला, खिडकीत ठेवून बघितला, अमरनाथ तो डोक्यावर घेऊन उभा राहिला. काही उपयोग नाही. रविवारी दुपारी रोहिणीनं बॅग काढली. ती बॅग बघून आप्पा दुकानात येऊन बसले आणि पहिल्यांदाच चौकात त्यांचा आवाज ऐकू आला नाही.

तेवढ्यात लिंबागणेशच्या कौशल्याबाई आल्या. पोरीच्या लग्नाला मोठं घंगाळ हवं होतं. दुकानात तसलं नव्हतं, होतं ते मधल्या खोलीत, ईश्वरीच्या रुखवतात. पोर जन्मल्यापासून आप्पांनी प्रत्येक सणाला तिच्या नावानं भांडी बाजूला काढली होती. दुकानाला लागून असलेल्या भिंतीशी जमिनीपासून आढ्यापर्यंत तांब्यापितळेची दुसरी भिंतच उभी होती. त्यातलं विकायचं नव्हतंच, नुसतं माप दाखवायला म्हणून आप्पांनी घंगाळ खाली काढलं.

मागच्या खोलीतून ईश्वरी ओरडली, "आप्पा, आलं! थोडं थोडं आलं!"

आप्पांनी घंगाळ परत ठेवलं.

"गेलं!"

काढलं. "आलं!" शेजारचा हंडाही काढला. "लई आलं!" दोन्ही ठेवली. "गेलं, आप्पा!"

कौशल्याबाई दारातून बघत होत्या. "आप्पा, घंगाळ दाखवताय का कवायत करताय?"

पण आप्पा खाली बसले होते. दुकानातलं नेट ही भांड्यांची भिंतच अडवत होती. सात वर्षं पोरीच्या सासरची तयारी केली, आणि ती तयारीच पोरीला आत्ता घराबाहेर काढायला निघाली होती.

"सगळं काढा," ते म्हणाले.

शांतादेवी आडव्या आल्या. "आवं, लेकराच्या लग्नाचं हाय ते! ठेवायचं कुठं? ह्या घरात जिथं ठेवावं तिथं आडवंच येणार."

"लग्नाला लई येळ हाय. आदी लेकरू घरात तर ऱ्हाऊ दे!"

मग जी वरात निघाली ती केजनं पाहिली. पराती सोमेश्वरकडं, कळशा समोरच्या शिंप्याकडं, हंडे सगळ्या गल्लीत. ईश्वरीच्या लग्नापर्यंत वापरा, लग्नात घासूनपुसून आणून द्या, एवढीच अट. घंगाळ कौशल्याबाईंना.

"अवो, ह्याच्यावर ईश्वरीचं नाव हाय!"

"असू द्या. तुमच्या पोरीला सांगा, सात वर्सांच्या आत्यानं दिलंय."

हसून हसून पदर तोंडाला लावत बाईंनी घंगाळ नेलं.

सोमवारी आप्पा लिंगपूजा आटोपून रोहिणीच्या दाराबाहेर बसले. मिटिंग संपली तशी रोहिणी बाहेर आली आणि तिनं बॅग उचलून माळ्यावर टाकली. आप्पा उठले, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि मागं वळून उगाचच शांतादेवींवर ओरडले, "फोडनीचा धूर किती करतीस!" चूल अजून पेटायची होती.

मोकळ्या भिंतीपाशी ईश्वरी आपल्या नावाचा डबा हातात घेऊन उभी होती. आजोबांसारखी तिनं त्याला टिचकी मारली.

"आप्पा, माझ्या लग्नात ह्ये पण देणार?"

"न्हाई बाई." आप्पांनी डबा काढून घेतला आणि जागेवर ठेवला. "बाकी सगळं ने. ह्ये इथंच ऱ्हाणार. तू गेल्यावर फोनवर तुजं तोंड मला कशानं दिसंल मग?"