मागून मिळालेलं स्वातंत्र्य

आज कुवेतमधल्या अबू हलीफा गावातल्या आमच्या घरात माझ्या मुलीने निलगिरीच्या तेलाची बाटली उघडली आणि मला मी नर्स होते तेव्हाची आमच्या वॉर्डातली ऑस्ट्रेलियन मेट्रन आठवली. तिच्या रुमालाला कायम हाच वास यायचा. एकदा चहा पिताना ती सहज म्हणाली, "आम्ही स्वातंत्र्य नीट मागितलं, इंग्रजांनी दिलं. तुम्ही भारतीयांनी उगाच तुरुंग भरलेत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या आजोबांनीही मागितलंच होतं. त्यांना लाठ्या मिळाल्या. तुम्ही इंग्रजांचे भाऊबंद, म्हणून तुम्हाला मिळालं. आणि तुमच्या ऑस्ट्रेलियातल्या मूळ लोकांना कुणी विचारलं?"

"त्यांचा काय संबंध?" तिला खरंच कळलं नव्हतं.

तेव्हा मी आजोबांसाठी चिडले होते. त्यांना निदान त्यांचा देश परत मिळाला. ज्यांची जमीनच गेली, त्यांचा म्हणे संबंध नव्हता! आज माझा संताप होतो तो तिच्या त्या वाक्याने.