उंदीरमामाच्या मिशीचा बळी

आमच्या चौकातल्या न्हाव्याला सगळे उंदीरमामा म्हणतात. जगाची डोकी नीटनेटकी करणाऱ्या या माणसाचं स्वतःचं डोकं कायम कुरतडल्यासारखं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुर्चीतून उठून पळायच्याच बेतात होतो.

कारण कळल्यावर तर मी हबकलोच. लहान मूल किंचाळायला लागलं, की मामा खुर्चीच्या दोन्ही हातांवर फळी टाकून त्याला वर बसवतो, बोथट टोकाची कात्री त्याच्या हातात देतो आणि आपलं डोकं पुढे करतो. "भीती वाटतेय, की राग आलाय? ते सांग आणि माझी एक बट काप. मग माझी पाळी." मूल सांगतं, कापतं आणि शहाण्यासारखं बसतं. अठरा वर्षं हा उद्योग चाललाय! मिशीला मात्र कुणी हात लावायचा नाही. ती झुपकेदार, पीळदार, लग्नाआधीपासूनची.

महिन्याभरापूर्वी मामीनं दम भरला होता, "पुढच्या महिन्यात रविवारी पोरीच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी येतायत. तोवर डोक्याला कात्री लागली, तर मी माहेरी!" बिचाऱ्यानं महिनाभर पाळलं. डोकं चक्क माणसासारखं दिसायला लागलं.

शनिवारी दुपारी मी बाकावर शिळं वर्तमानपत्र चाळत होतो (बातम्या काय, दुकानातच ताज्या मिळतात). एक बाप चार वर्षांच्या मुलीला ओढत आला. केसांत च्युइंगम, गालावर पाच बोटं. पोरीनं मामाच्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

"आणखी एक देऊ का?" बाप ओरडला.

"साहेब, तुम्ही बाकावर बसा," मामा म्हणाला. मनगट पुसून त्यानं फळी टाकली आणि कात्री पोरीच्या हातात दिली. "भीती, की राग?"

"राग."

"कुणाचा?"

पोरीनं कात्री बापाकडे रोखली. "बाबांनी मारलं."

माझ्या हातातलं वर्तमानपत्र गळून पडलं. बाप पायांकडे बघत राहिला.

आता बट कुठून द्यायची? मामानं आरशात डोकं पाहिलं, मामीला आठवलं आणि... देवाशपथ सांगतो, या डोळ्यांनी पाहिलं... डावी मिशी पुढे केली! मी "अरे, अरे!" म्हणेपर्यंत कचकन आवाज झाला. अर्धी मिशी फळीवर. पोरगी मग पुतळ्यासारखी बसली. जाताना बापानं तिला कडेवर घेतलं.

संध्याकाळी मामी मामाचा इस्त्रीचा सदरा घेऊन आली. मी झटकन वर्तमानपत्रामागे. एका डोळ्यानं बघत होतो, खोटं कशाला बोलू?

"हे काय!" तिच्या हातातून सदराच पडला. "उद्या काय सांगू त्यांना? हा मुलीचा बाप, की सर्कशीतला जोकर?"

मामा स्वतःच खुर्चीत बसला आणि छोटी कात्री तिच्यापुढे धरली. "राग, की भीती?"

मला वाटलं, आता कात्री पोटात जाते. मामीनं खाली पडलेला सदरा उचलून झटकला. मग हळूच म्हणाली, "भीती. आपल्या पोरीचं लग्न मोडलं तर?"

आणि तिनं उरलेली मिशी कापली! वाकडीतिकडी. मामानं वस्तरा फिरवून ओठ साफ केला. मामी एकटक बघत राहिली.

"अगोबाई," ती पुटपुटली, "आपल्या पोरीचा ओठ इथून आलाय होय!"

सव्वीस वर्षांच्या संसारात हे तिला आज कळलं!

रविवारी मी मामाच्या घराबाहेर घुटमळत होतो, सहज. मुलाची आई आत येताच मामाच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "मुलगी अगदी वडिलांवर गेलीय हो!" आणि मामी, जिला मी कधी गप्प पाहिलं नव्हतं, ती नुसती मान डोलावत राहिली. सोयरीक टिकली.